गावाची एस.टी. आणि भावकीची जीप

माझी मोठी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. मोठेपणा दाखवायला म्हणत नाही, होती. पण गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची जाफराबादला, आणि एस.टी. मिळायची ती फाट्यावर. फाट्यापर्यंत सगळी काळी माती. पावसाळ्यात चपला हातात धरून चालायचं. वडील सालगडी, माय रोजानं निंदायला जाणारी. पोरीला फाट्यापर्यंत रोज पोचवणार कोण? ताईची शाळा सुटली. मागून मी त्याच चिखलातून शिकलो, कारण मुलानं एकट्यानं जाण्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच. त्याचा मला अभिमान आहे, तो मी झाकत नाही. बाळंतपणाला आलेल्या ताईनं पदराला हात पुसून माझं बी.ए.चं प्रमाणपत्र वाचलं आणि नीट घडी करून परत दिलं. ते मात्र अजून टोचतं.

नव्वदीनंतर रोजगार हमीवर रस्ता झाला आणि सकाळी सातची एस.टी. थेट गावात येऊ लागली. पहिल्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टरला आम्ही पुरणपोळी जेवू घातली. काही वर्षांनी ताई तिची थोरली लेक आमच्याकडं घेऊन आली. "माझ्या गावाला गाडी येत न्हाई, तुमच्या येते," एवढंच म्हणाली. मुलींना पास फुकट होता. भाची पाचवीपासून जाफराबादला जाऊ लागली.

ती सातवीत असताना कंडक्टरनं मला बाजूला घेतलं. बी.ए. झाल्यापासून सगळे मला गुरुजीच म्हणत. "गुरुजी, तीन-चार पासवाल्या पोरी अन् दोन म्हातारे. एवढ्यावर गाडी चालत न्हाई. फेरी बंद व्हायलीय."

गाडी रिकामी का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या चुलतभावानं जीप घेतली होती. एस.टी.च्या आधी दहा मिनिटं तो दारोदार हॉर्न वाजवायचा. माणूस वाईट नव्हता. अडलेल्या बायांना त्यानं कितीदा तरी फुकट दवाखान्यात पोचवलेलं. भावकीतला माणूस दारात हाक मारतो आणि त्याला सोडून एस.टी.त बसायचं, हे आमच्याकडं वैर घेण्यासारखं. पण बाप्या माणसांनी खचाखच भरलेल्या जीपमध्ये शाळेची पोर कोण पाठवणार?

भाचीनं विचारलं, "मामा, गाडी बंद झाली तर मी घरी जाऊ का?" तिच्या घरी म्हणजे शाळा बंद.

मी पेपरात पत्र लिहिलं, ते छापूनही आलं. सह्या-अंगठ्यांचं निवेदन केलं आणि आम्ही नऊ जण आगारात गेलो. साहेबांनी निवेदन पूर्ण वाचलं. मग खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "तुम्ही कशानं आलात?"

बाहेर चुलतभाऊ जीप पुसत उभा होता.

जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आलेला मीच होतो. बी.ए. झालेला.

साहेब म्हणाले, "दोन महिने बघतो. पत्रानं गाडी भरत नाही."

त्याच संध्याकाळी मी चुलतभावाच्या घरी गेलो. "भाऊ, उद्यापासून मी एस.टी.नं जाणार. तू आठला निघत जा."

"अन् माझ्या लेकरायनं काय खावं?" तो म्हणाला. "शिकला म्हून रक्ताचं विसरला का?"

"ताईची पोर बी रक्ताचीच हाय."

"मंग बस तुझ्या लाल डब्यात!"

दुसऱ्या दिवशी मायनं घरोघर जाऊन बायांना सांगितलं, "बाजाराला जायचं तं एस.टी.नंच. माझी एक पोर घरी बसली, आता नातीला बसू देणार न्हाई." बाया आल्या. पुरुष आठवडाभर जीपमधून आमच्याकडं बघत गेले, मग एकेक करून तेही आले. त्या दिवाळीला आमचं फराळाचं ताट चुलतभावाच्या दारातून तसंच परत आलं. पुढं त्यानं जीप भोकरदनच्या रस्त्याला लावली. अजूनही आमचं बोलणं कामापुरतंच आहे.

आता पेपरात वाचतो, तोट्यातल्या फेऱ्या बंद करा. घरोघरी मोटारसायकल आली, हातात मोबाईल आला आणि पारावर बसून सरकारला शिव्या घालणं फार सोपं झालं. सरकारचा मला पुळका नाही. पण जी गाडी आपण मागतो, तिच्यात आपण बसतो का, हे कुणी विचारत नाही. मीही कुठं विचारलं होतं? साहेबांनी विचारलं तेव्हा कळलं. आणि तोटा म्हणता, तर ताईची शाळा सुटली तो कुणाच्या हिशेबात धरायचा?

फेरी बंद झाली नाही. भाची आणखी तीन वर्षं त्याच गाडीनं गेली आणि दहावी पास झाली. आमच्या घराण्यात दहावी झालेली ती पहिली मुलगी.