शुक्रवारचं तळं

शारजात अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर एकच फोटो आहे. माझे अब्बा एका तळ्याच्या काठी उभे आहेत. मागे निळं पाणी, पाण्यात पांढरी बोट, पलीकडे बर्फाचा डोंगर. उजवा हात एका पांढऱ्या खांबावर टेकलेला. अंगात कोट आहे आणि त्याच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपतात. अब्बा चव्वेचाळीसाव्या वर्षी शारजातच वारले. मी आज एक्कावन्न वर्षांचा आहे, म्हणजे बापापेक्षा सात वर्षांनी मोठा. फोटोसमोरून जाताना ही वजाबाकी माझ्या डोक्यात आपोआप होते.

आधीच सांगून टाकतो, ते तळं खरं नाही. तो शारजाच्या रोल्ला बाजारातल्या एका स्टुडिओचा रंगवलेला पडदा आहे. त्या काळी गल्फला आलेली माणसं घरी पाठवायला खोलीतला किंवा गॅरेजमधला फोटो काढत नसत. स्टुडिओत जायचं, स्टुडिओचाच कोट चढवायचा आणि मागे काय हवं ते निवडायचं: विमान, कारंजं नाहीतर तळं. बाविसाव्या वर्षी मी नोकरीसाठी इथे आलो आणि पासपोर्टच्या फोटोसाठी त्याच गल्लीत गेलो, तेव्हा दुकानदाराने कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला जुना पडदा मला उलगडून दाखवला. आमच्या फोटोत पाण्यावर एक आडवी रेघ आहे. लहानपणी मला ती लाट वाटायची. ती कापडाची घडी होती. बोटीच्या खाली, त्याच जागी. खात्री केल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून वितीने मोजून पाहिलं.

हे मी पुढे बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं. अम्मीला सांगितलं नाही. तिच्या लेखी ते तळं खरं होतं, आणि ते खरं केलं होतं अब्बांनी.

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात ते दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर येत. संध्याकाळी पडवीत आजूबाजूचे पुरुष जमत आणि फोटो हातोहात फिरे. "हे दुबईत कुठे रे?" गावाला सगळा गल्फ म्हणजे दुबईच. आमच्या बाजारातल्या स्टुडिओत मागे साधं निळं कापड असे, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला सुचलं नाही. आणि अब्बा, जे एरवी विचारल्याशिवाय बोलत नसत, सांगू लागत. शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. बोट मोठी असते. ती धक्क्याला लागली की खलाशी दोर फेकतो. सुटताना भोंगा असा वाजतो की पोटात घुमतो. पलीकडे उतरून टेकडीवर गेलं की गाई चरत असतात, त्यांच्या गळ्यातल्या घंटा लांबवरून ऐकू येतात.

"आम्ही दोघं मागच्या बाकावर बसतो," अब्बा म्हणाले. "बाक ओला असतो. गेल्या खेपेला वारा फार होता. बरोबरच्या माणसाचा कान ठणकायला लागला, म्हणून आत जाऊन बसलो."

"बरोबरचं माणूस म्हणजे कोण रे?" एका चुलत्याने डोळा मारला. "बाप्या की बाई?"

सगळे हसले. अब्बाही हसले, मान खाली घालून. उत्तर काही दिलं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि फोटो परत फडक्यात गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं.

त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले. इथेच दफन झालं. आमच्यापर्यंत फक्त बातमी आली आणि एक बॅग.

आता अम्मी बाहत्तर वर्षांची आहे आणि चार वर्षांपासून आमच्याकडे राहते. आल्या आल्या तिच्या लक्षात आलं की शारजात बर्फ नाही. त्यावरून तिने निष्कर्ष काढला तो असा, की अब्बा लांब कुठेतरी जात असणार, विमानाने. शुक्रवारी सकाळी विमानाने जाऊन संध्याकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या लेबर कॅम्पवर परत येणं कुणाला शक्य नव्हतं, पण हे गणित मी तिच्यासमोर मांडलं नाही. मला वाटायचं, तिच्याकडे नवऱ्याचं म्हणून एवढंच आहे. ते कशाला काढून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात मुलीने सुट्टीसाठी झुरिच ठरवलं. शहरात मुक्काम, रोज सकाळी वेगळ्या ठिकाणी जायचं, रात्री झोपायला परत. अम्मी ऐकत होती.

"तिथे तळं आहे?"

"यस दादी, ह्यूज लेक."

"आणि बर्फाचा डोंगर?"

"फार अवे. बट यू कॅन सी."

"मग मी येते," अम्मी म्हणाली. "तिकडेच जायचे ते."

व्हिसासाठी तिचा फोटो काढला, मागे नियमाप्रमाणे पांढरं. ती बराच वेळ तो बघत राहिली. "मागे काहीच नाही. मी कुठे उभी आहे तेच कळत नाही."

पहिल्या दिवशी आम्ही तळ्यातून लहानशी फेरी मारली. बोट धक्क्याकडे येऊ लागली तशी अम्मीने माझा दंड धरला. "आता दोर फेकतील बघ." खलाशाने दोर फेकला. चढून बसलो. "आता भोंगा." भोंगा वाजला, आणि तो खरोखर पोटात घुमला. मुलगी हसली. मला हसू आलं नाही. एक माणूस जिथे कधी गेलाच नव्हता, तिथे आमच्या आधी पोहोचून एकेक गोष्ट मांडून ठेवत होता.

मी हिशेबी माणूस आहे, म्हणून हिशेब लावला. रोल्लापासून चालत जाता येईल अशा अंतरावर शारजाची खाडी आहे. तिथे लाकडी गलबतं लागतात, दोर फेकतात, भोंगे वाजतात. अब्बा शुक्रवारी तिथे जाऊन बसत असणार. खाडीतला दोर आणि खाडीतला भोंगा त्यांनी पडद्यावरच्या तळ्यात नेऊन ठेवला. झालं, खलास. त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेनने ऱ्हाइनचा धबधबा बघायला गेलो. अम्मीने त्याच्याकडे पाठ केली आणि डबा उघडला. "पाणी पडतंय. आपल्याकडे घाटात दर वळणावर पडतं." बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. बाजूच्या बाकावरचं जोडपं वास आला तसं उठून गेलं, आणि आम्हाला जागा मोकळी झाली. कॉफी घ्यायची होती, पण मी किमतीच्या पाटीकडे नुसतं बघितलं तोच मुलगी म्हणाली, "अब्बा, प्लीज डोन्ट कन्व्हर्ट."

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या वरच्या बाजूच्या एका टेकडीवर गेलो. वाट सपाट होती, ऊन चांगलं होतं. एका वळणावर अम्मी थांबली. मला आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. बारीक, तुटक, वाऱ्यासरशी कमी-जास्त होणारं. गाई अजून दिसतही नव्हत्या.

"घंटा," अम्मी म्हणाली.

शारजाच्या खाडीवर गाई नाहीत. घंटांचा हिशेब मला तेव्हा लागला नाही, अजूनही लागलेला नाही. अब्बा कामाला होते त्या गॅरेजला मशीन विकणाऱ्या कुणा स्विस कंपनीचं कॅलेंडर असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण कॅलेंडरात गाय दिसते, घंटा ऐकू येत नाही. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागून कुणीतरी चालत येतंय असं वाटत होतं. वाट रिकामी होती.

संध्याकाळी भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात मी तांदूळ धुवत होतो. अम्मी आत आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"तू शारजात राहिलास. त्यांच्या ओळखीची माणसं तुला भेटली असतील. खरं सांग. ती कोण होती?"

"कोण?"

"बोटीवर बरोबर असायची ती. मी दाराआड होते चहा घेऊन. आम्ही दोघं, म्हणाले होते. सगळे हसले, तेही हसले." तिचा आवाज रोजचाच होता. "मला भांडायचं नाही रे. भांडायला आता कोण आहे? पण जिथे बसायचे ती जागा बघितली, की मला कळेल असं वाटलं होतं. रोज बघते. कळत नाही."

मी तांदूळ धुवतच राहिलो. पाणी स्वच्छ झालं होतं तरी. बेचाळीस वर्षं ही बाई त्या फोटोसमोर उभी राहत होती, आणि मी समजत होतो की ती तळं बघते. ती फोटोत नसलेल्या बाईला शोधत होती.

बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, बिलात एक फिल्स इकडचा तिकडे झाला तर तुम्ही दुकानात परत जाता. आणि हे इतकी वर्षं सोडून दिलंत?"

"खरं सांगितलं तर अब्बा खोटे ठरतात."

"आता ते बाहेरख्याली ठरतायत. काय बरं वाटतं तुम्हाला?"

चौथ्या दिवशी मोठ्या बोटीने तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावाला जायचं होतं. जायला दोन तास. सकाळी पाऊस पडून गेला होता. बायको आणि मुलगी पुढे फोटो काढायला गेल्या. अम्मी मला न विचारता थेट मागे गेली. मागचा बाक ओला होता. तिने रुमालाने दोन माणसांपुरती जागा पुसली आणि आम्ही बसलो. लांब, धुक्याच्या वर, डोंगरांची पांढरी रांग दिसत होती. फोटोतल्यापेक्षा कितीतरी लांब.

"अम्मी," मी म्हणालो, "अब्बा इथे कधी आले नव्हते. कुठेच गेले नव्हते. तो फोटो रोल्लातला आहे. मागे पडदा होता, रंगवलेला. मी तो हाताने धरून पाहिलाय."

ती पाण्याकडे बघत राहिली.

"पडदा?"

"पडदा."

"आणि तो खांब?"

"पुठ्ठ्याचा असेल. तो मी पाहिला नाही, म्हणून नक्की सांगत नाही."

"आणि कोट?"

"स्टुडिओचा. सगळे तोच घालायचे."

"तरीच," ती म्हणाली. "बाह्या आखूड होत्या. मला वाटायचं, परदेशात जाऊन हात वाढले की काय." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "मग शुक्रवारी काय करायचे?"

"कपडे धुवायचे. नमाजला जायचे. झोपायचे. खोलीत आठ जण असत. संध्याकाळी खाडीवर जाऊन बसत असतील, हा माझा अंदाज आहे."

"कुणाबरोबर?"

"त्यांच्या खोलीतला एक म्हातारा मला भेटला होता. तो म्हणाला, तुझा बाप एकटाच जायचा. हाक मारली तरी थांबायचा नाही."

बोटीने वळण घेतलं आणि वारा समोरून आला. अम्मीने उजव्या कानावर तळहात दाबला. आमच्या घरी एसी लावला की ती त्याच कानात कापूस घालते. गावी थंडीत चुलीपाशी बसायची तीही तो कान झाकून. मी हे जन्मापासून पाहत आलो आहे, आणि पडवीतलं अब्बांचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. तरी ह्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"अम्मी, बोटीवर वाऱ्याने कान कुणाचा ठणकला होता?"

"तिचा."

"बोट नव्हती. मग ती तरी कुठून आली? आणि अब्बांच्या माहितीत वाऱ्याने कान ठणकायचा कुणाचा?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. हात कानावरच होता. चार पुरुषांसमोर बायकोचं नाव घ्यायची आमच्या पडवीत रीत नव्हती. मान खाली घालून हसायची होती.

भोंगा वाजला, तिने लक्ष दिलं नाही.

"मी दाराआड होते," शेवटी ती म्हणाली. "चहा थंड झाला माझ्या हातात. त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही. सुट्टी संपेपर्यंत नीट बोलले नाही." मग ती उठली. "चल. आत जाऊन बसायचं."

आत गर्दी कमी होती. खिडकीजवळ ती बसली, कानाला मफलर गुंडाळला, पिशवी मांडीवर घेतली. बाजूची जागा रिकामी होती. मी तिथे बसणार होतो, पण तिने सीटवर हात ठेवलेला पाहिला आणि समोर जाऊन बसलो. थोड्या वेळाने बायको आणि मुलगी आल्या.

"दादी, कॅन आय सिट हिअर?"

"तिथे नको, बाळा. तिकडे बस."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती माझ्या शेजारी बसली, बायको तिच्या पलीकडे. अम्मी बाहेर बघत होती. मधूनच ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी कान दिला नाही. ते आमच्यासाठी नव्हतं.

तिकीट तपासनीस आला. मी तिकिटं दिली. त्याने ती पाहिली, आमच्यावरून बोट फिरवत मोजलं, मान डोलावली आणि पुढे गेला. चार तिकिटं, चार माणसं. मीही मोजलं. मग, स्वभावाप्रमाणे, पुन्हा एकदा मोजलं.