साखरेच्या पाण्यातले बुडबुडे

दोस्तहो, आज गुरुजींनी माह्या बापाची इज्जत वाचवली.

लढाईमुळं साखर सहजी मिळत नाही, म्हणून शाळेतल्या प्रयोगाले आमच्याच रिसोडच्या दुकानातली चिमूटभर नेली. साखरेच्या पाण्यातून वीज जात नाही, हे गुरुजींना दाखवाचं होतं. पण बॅटरीच्या तारा बुडवल्या, तं मिठाच्या पाण्यात निघतात तसे बुडबुडे निघाले!

"याच्या बापानं साखरेत मीठ मिसळलं!" पोरं ओरडली. मले रडूच आलं.

गुरुजींनी तारा पुसल्या अन् साखर ज्यात घोळली, त्याच विहिरीच्या नुसत्या पाण्यात बुडवल्या. तिथंबी बुडबुडे!

"क्षार पाण्यातच हायेत रे. साखरेचा काही दोष नाही."

घरी सांगतलं, तं बाबा कितीतरी वेळ तराजूच पुसत राह्यले.

तुमच्यावर आळ घ्याच्या आंधी असं कोनी पाणी तपासलं काय?