बोलावलेला कोल्हा

पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं तेलुगू, गोल गोल होतात आणि माझ्या जिवाला बरं वाटायला लागतं. माणसं परराज्यात शिरली की बुजतात. मी शिरले की सैलावते, कारण पलीकडे माझं आजोळ आहे. दर हिवाळ्यात नागपूरहून निघते, हुरडा खाते, मामींशी भांडते आणि परत येते. यंदा मात्र मामांनी वेगळ्याच कामाला बोलावलं होतं. फोनवर एवढंच म्हणाले, "कोल्हा बोलवायचा हाये. धनुष्य धराले माणूस नाही. तू ये."

बँकेतून निवृत्त झालेली बाई मी. भाजी चिरताना आजही बोट कापून घेते. पण मामांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

आदिलाबादच्या स्टँडवर उतरले तेव्हा कापसाचे टेम्पो मार्केटच्या दिशेनं रांग लावून उभे होते आणि हवेत कापसाचे तंतू उडत होते. टपरीवर चहा मराठीत मागितला, सुटे पैसे उर्दूत परत मिळाले आणि शेजारचा माणूस तेलुगूत हवापाण्याचं बोलायला लागला. हे सगळं एका कपात होतं इथं. बसच्या धक्क्यांनी बिघडलेला माझा मूड चहाच्या दुसऱ्या घोटाला सुधारला.

तलमडुगूकडे जाणाऱ्या ऑटोवाल्यानं विचारलं, "एक्कडा? (कुठं?)" गाव सांगितलं, कामही सांगितलं. तो आरशातून माझ्याकडे बघत हसला. "नक्का (कोल्हा)? अब तो नक्का सिर्फ मोबाइल में मिलता है, अम्मा." पुढच्याच वळणावर त्यानं असा काही ब्रेक मारला की मामींसाठी आणलेली संत्री पिशवीतून निघून रस्ताभर पांगली. आम्ही दोघं वाकून वाकून संत्री गोळा करत होतो. दोन्ही बाजूंना पांढरं पडलेलं कापसाचं रान, मधे ज्वारीचे तुकडे, कणसं भरलेली. लहानपणी हे उलटं होतं. ज्वारीच ज्वारी आणि मधे कुठंतरी कापूस.

तेव्हा कोल्हेही होते. रोज दिवस मावळला की नाल्याकडून एक ओरडायचा, मग दुसरा, मग सगळी पलटण. मी मामींच्या पदराखाली शिरायची. कोल्हे भुईमूग उकरायचे, करडं उचलायचे, म्हणून गाव त्यांना मारायचं. आता कायद्यानं बंद आहे, आणि बरंच झालं. पण त्या काळी मामा आणि लच्छूदादा ही जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. लच्छूदादा जवळच्या गोंड गुड्यातले (वस्तीतले), मामांचे जिवाभावाचे दोस्त. मामा ज्वारीच्या पानाची पट्टी दातांत धरून सापडलेल्या सशासारखं किंचाळायचे. कोल्हा आवाजावर धावत यायचा आणि लच्छूदादा बाण सोडायचे. धनुष्यही त्यांनीच केलेलं, लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं, खाली बंदुकीसारखा घोडा.

या कामाचा एक नियम होता. ज्यानं बोलावलं त्यानं मारायचं नाही. बोलावणारा आणि मारणारा वेगळा हवा. हाक मारून आणायचं आणि त्याच हातानं जीव घ्यायचा, हे पाप. मामांनी जन्मभर हाका मारल्या, एक बाण सोडला नाही. लच्छूदादा गेले आणि ते धनुष्य मामांच्या गोठ्यात आढ्याला टांगलेलं राहिलं.

घरी पोचले तर मामी अंगणात शेळीला कवटाळून बसलेल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आली का व? बस. ह्या माऊलीचं दुसरं पिल्लू नेलं परवा. रातभर बें बें करते बिचारी, मले झोप नाही. आता मी काही ऐकत नाही कोणाचं. उद्या सकाळी टाकते."

काय टाकणार ते खुंटीवरच होतं. कापसावर फवारायच्या औषधाची बाटली, पोरासोरांचा हात पोचू नये म्हणून उंच टांगलेली. मेलेल्या करडाचं नाल्यात सापडलेलं उरलंसुरलं त्यांनी पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. त्यात औषध कालवून नाल्याकाठी ठेवायचं, म्हणजे कोल्ह्याचा निकाल.

मामा दारात उभे राहून धुसफुसत होते. "कोल्हाच खाईल का तो? आपली कुत्री खातील, शेजाऱ्याची खातील, घारी-कावळे खातील. अन् कोल्हे तरी कितीक राह्यले? हा एकटाच ओरडते, दुसरा जबाबच देत नाही त्याले."

"ज्याचं जळते त्याले कळते," मामी म्हणाल्या. "तुमाले कोल्ह्याची माया. माही शेळी कोणाची?"

मी जेवताना मामांचा बेत ऐकला. भाकरी, अंबाडीची भाजी (तेलुगूत तिला गोंगुरा म्हणतात), लसणाचा ठेचा. भाकरी मोडता मोडता मामा सांगत होते. संध्याकाळी कोल्ह्याला बोलवायचं. बाणाच्या टोकाला चिंध्यांचा बोथट गोळा बांधायचा. मी तो कोल्ह्याच्या ढुंगणावर मारायचा. मार बसला, माणसाचा वास आला की तो पुन्हा या बाजूला फिरकत नाही. मरणार नाही, पण अद्दल घडेल. मामींकडून आजच्या संध्याकाळपुरती मुदत मागून घेतली होती.

"तुमीच सोडा ना बाण," मी म्हटलं.

"मी बोलावतो, मी कसा सोडू?" मामा माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी देवळात चपला घालून शिरले होते.

दुपारभर मी उकिरड्यावरच्या पत्र्यावर बाण मारण्याचा सराव केला. पत्रा सुखरूप राहिला. मामी ओसरीवरून बघत होत्या आणि एकदाच बोलल्या, "कोल्ह्याले काही धोका नाही आज."

ऊन उतरल्यावर आम्ही नाल्याकाठच्या तुरीत जाऊन बसलो. मामीही आल्या. "तुमच्या भरोशावर कोण राह्यते," म्हणत त्यांनी जागा पकडली. मामांनी मुठीतली माती हवेत सोडून वारा बघितला, तो आमच्या तोंडावर येत होता. मग त्यांनी ज्वारीचं पान तोडलं, नखानं पट्टी काढली, दातांत धरली आणि जोर लावला.

आवाज आला नाही, कवळी आली. पानासकट बाहेर पडून मातीत. मी हसू दाबण्यासाठी पदर तोंडात कोंबला. मामांनी कवळी धोतराला पुसली, बसवली, पुन्हा फुंकलं. नुसती हवा. मग कवळी काढून खिशात टाकली आणि हिरड्यांनी करून पाहिलं. फुर्रर्र झालं आणि थुंकी उडाली. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी पान खाली ठेवलं आणि नाल्याकडे बघत राहिले. माझं हसू केव्हाच गेलं होतं. ज्या माणसाच्या हाकेवर रान चालत यायचं, तो माणूस बोळक्या तोंडानं गप्प बसला होता. लच्छूदादा असते तर काहीतरी वाह्यात बोलून त्यांनी वेळ मारून नेली असती.

"आना इकडं," मामी म्हणाल्या.

त्यांनी नवं पान तोडलं, पट्टी काढली, दातांत धरली. आणि ससा किंचाळला. मी दचकून मागे पाहिलं, इतका तो खरा होता. आधी लांब, मग तुटक, मग दम संपत आल्यासारखा. मामांचं तोंड उघडंच राहिलं.

"काऊन पाहता असे?" मामी पुटपुटल्या. "लगन झाल्यापासून आंगणातून ऐकत होती. कवा आवाज चिरते अन् कवा बरोबर लागते, समदं ठाव हाये."

मग मामांनी माझ्या हातातून धनुष्य काढून घेतलं. "आता तिनं बोलावलं ना, मले चालते," ते म्हणाले. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. उभ्या जन्मात पहिला बाण.

मामींनी पुन्हा साद घातली आणि तो आला. पलीकडच्या ज्वारीतून निघाला, थांबला, नाक वर केलं आणि सरळ चालत आला. अंगानं वाळलेला, एक कान फाटलेला. चोर म्हणून मी काही वेगळंच डोळ्यापुढे आणलं होतं, हा तर लंगडत होता. तो ना मामांकडे बघत होता ना माझ्याकडे. तो मामींच्या तोंडाकडे बघत येत होता, जिथून ससा ओरडत होता. अगदी समोर येऊन उभा राहिला. मामींच्या ओठातलं पान गळालं. मामांनी घोडा दाबला.

बाण कोल्ह्याच्या बराच वरून गेला आणि बाभळीत अडकला. कोल्ह्यानं मान वळवून बाभळीकडे पाहिलं. मग मामींकडे पाहिलं. आणि वळून, काही घाई नसल्यासारखा, लंगडत लंगडत ज्वारीत निघून गेला. ना मार, ना अद्दल.

आम्ही घरी आलो. मुदत संपली होती. मामांनी धनुष्य गोठ्यात नेऊन टांगलं आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सकाळी काय होणार ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रात्री मला झोप लागली नाही.

उजाडताच अंगणात फावड्याचा आवाज आला. मामी पेरूच्या झाडाखाली खड्डा खणत होत्या. पोत्याखालचं करडू त्यांनी त्यात ठेवलं आणि माती लोटली. बाटली खुंटीवर तशीच होती.

मामा उठून दारात आले. "टाकलं नाही?"

"कसं टाकू?" मामींनी फावडं आपटलं. त्यांचे डोळे लाल होते. "काल मी बोलावलं ना त्याले. माह्या तोंडाकडं पाहत आला तो. तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवाचा होता, मले काऊन शिकवला? आता माही शेळी मी घरात बांधीन, अन् तुमी झोपा गोठ्यात."

मामांनी मामींच्या हातातून फावडं घेतलं आणि उरलेली माती स्वतः ओढली.

दोन दिवसांनी मी निघाले. ऑटोपर्यंत मामी हुरड्याची पिशवी घेऊन आल्या. पुलावर बस आली तेव्हा मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. ज्वारी कमी झाली, लच्छूदादा गेले, मामांचे दात गेले. दरवेळी या पुलावर मी काय काय संपलं याचा हिशेब मांडत घरी जाते. यंदा मन तितकं जड नव्हतं. त्या रानात अजून कुणाला तरी हाकेची लाज होती.

परवा मामींचा फोन आला. शेळी बरी आहे, माजघरात बांधतात, घरभर लेंड्या. मामा गोठ्यात घोरतात. "अन् तो?" मी विचारलं.

"ओरडते ना. रोज दिवस बुडाला का नाल्यावर येते अन् ओरडते. मामा म्हणतात, तुले हाक मारून राह्यला, दे जबाब."

"मग देता?"

पलीकडे मामींनी आधी शेळीला दटावलं.

"नाही व माय," त्या म्हणाल्या. "एकदा खोटं बोलावलं त्याले. आता पुन्हा नाही बोलावत."