डोक्यावरचं पीठ

माझी मुलगी नाटक कंपनीसाठी विग बनवते. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये चिप डिझाइन करणाऱ्या आईबापांच्या पोटी हे रत्न निघालं. परवा तिने अठराव्या शतकातल्या फ्रेंच उमरावासाठी केलेला पांढरा विग माझ्या डायनिंग टेबलावर आणून ठेवला, वरणाच्या पातेल्याशेजारी.

त्या लोकांचे प्रताप तिच्याकडून ऐकताना मी पोट धरून हसले. ऐन पंचविशीतली माणसं डोक्याला चरबी चोपडायची आणि वर पीठ उडवायची, कारण पांढऱ्या केसांना मान होता. बायका तर केसांचे हातभर उंच मनोरे रचायच्या. आत उवा झाल्या की खाजवायला लांब काडी. बाहेर गरिबांना पाव मिळेना आणि यांच्या डोक्यावर दळण. अक्कल गहाण ठेवली होती का यांनी, असं मी विचारलं.

लेक विगाला कंगवा लावत होती. "आई, यू डू द सेम थिंग. फक्त कलर ऑपोझिट."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी चोपन्न वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती आणि विग घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नव्या नोकरीसाठी व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. डायचं पाकीट बेसिनवर तयार होतं. दर तीन आठवड्यांनी मी भांगातली पांढरी रेघ पुसते. रेझ्युमेमधली पहिली दहा वर्षंही मी अशीच पुसली आहेत.

लेकीने गंमत म्हणून तो विग माझ्या डोक्यावर चढवला. आरशात एक भारदस्त बाई दिसली, चार लोकांनी ऐकून घ्यावं अशी. मला ती आवडली. विग उतरवला आणि डाय कालवायला गेले.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर आलेली मॅनेजर जेमतेम तिशीची होती. तिचे केस पांढरेशुभ्र, पार्लरमध्ये हौसेने करून घेतलेले. माझे काळेभोर. कानाजवळ डायचा डाग राहिला होता, म्हणून मी मान तिरकी करून बसले होते. कामाच्या एकाही प्रश्नाला मी अडले नाही. शेवटी ती गोड हसली.

"अवर टीम इज व्हेरी यंग. विल यू बी कम्फर्टेबल?"

मी हो म्हणाले. तिच्या त्या पांढऱ्या केसांसमोर माझे काळे केस मला पहिल्यांदाच म्हातारे वाटले.