मापात चूक नव्हती

भाताच्या खाचरांत तणनाशक फवारणाऱ्या त्या माणसाला सगळे मापकाका म्हणत. औषध ओतताना तो मापाचा पेला थेट डोळ्यांसमोर धरी, श्वाससुद्धा रोखून धरी. "आमटीत मीठ घालायलाही यांनाच बोलवायला हवं," अशी बायको चेष्टा करायची. पण त्याचा पंप फिरला की त्या शेतात गवताची डोकं वर काढायची बिशाद नसे, आणि याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

सोबतीला धाकटा भाऊ असे. आईवडील गेल्यावर थोरल्यानेच त्याला वाढवलं. पाठीवर भरलेला पंप घेऊन चिखलात तोल कसा सांभाळायचा, तेही त्यानेच शिकवलं. औषध थोरला कालवायचा. मग तो वरच्या अंगाची शेतं घ्यायचा आणि धाकटा खालची, गिरणीलगतची.

एका वर्षी गिरणीवाल्याने भाताच्या तुसाचा कोळसा केला आणि लगतच्या शेतकऱ्यांना वाटून टाकला. मातीत मिसळला की जमीन सुधारते, असं तो सांगे, आणि ते काही खोटं नव्हतं. खालची खाचरं काळीभोर झाली, रोपं जोमाने उठली. पण फवारणीनंतर तिथे गवत असं माजलं, की भात कुठला नि गवत कुठलं ते कळेना. वरची शेतं मात्र लख्ख.

शेतकरी दारात आले. "काय मापकाका, यंदा औषधात पाणी जरा जास्तच झालं वाटतं?" एकजण हसत म्हणाला. म्हणायला थट्टाच, पण थोरल्याच्या ती जिव्हारी लागली.

संध्याकाळी धाकटा नळावर हातपाय धूत होता. थोरला तिथेच जाऊन उभा राहिला.

"डबा एक, माप एक. मग तुझ्याच शेतांत गवत कसं?"

"दादा, एक पट्टा सोडला नाही मी. सगळं नीट मारलंय."

"मग औषध गेलं कुठे? विकलंस?"

धाकट्याने नळ बंद केला. "तू एकदा येऊन ती माती तरी बघ. काहीतरी वेगळीच झालीय ती."

"मला माती शिकवतोस? उद्यापासून पंपाला हात लावायचा नाही."

"अहो, आधी बघून तरी या," बायको मध्ये पडली. त्याने तिलाही गप्प केलं. काही दिवसांत धाकटा शहरात निघून गेला. जाताना वहिनीला सांगून गेला, भावाला नाही.

पुढच्या हंगामात खालची शेतं थोरल्याने स्वतः फवारली, अगदी जीव ओतून. तरी गवत उगवलंच. तेव्हा कुठे शेतकऱ्यांनी माती तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी एका टबात साधी माती भरली, दुसऱ्यात कोळशाची. दोन्हींत गवताचं बी टाकलं आणि औषध मापकाकाकडूनच मारून घेतलं. साध्या मातीत काही उगवलं नाही. कोळशाचा टब मात्र हिरवागार झाला.

"कोळसा औषध धरून ठेवतो," बाई म्हणाल्या. "त्यामुळे ते पाण्याबरोबर ओढ्यात कमी जातं, हे चांगलंच. पण गवतालाही ते पुरेसं मिळत नाही. तुमच्या मापात चूक नव्हती, काका."

"म्हणजे त्याच्या हातातही नव्हती," तो म्हणाला आणि तिथेच बांधावर बसला. कोणाच्या हातात, ते बाईंना कळलं नाही.

तो शहरात गेला. धाकटा एका कारखान्यात लाकडी दारांना रंग मारत होता. "इथेही फवारतोच मी. दारांवर गवत उगवत नाही, एवढंच बरं," तो म्हणाला. दोघंही हसले. मग थोरल्याने कोळशाचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "चुकलं माझं. घरी चल."

धाकटा हातावरचा रंग खरवडू लागला. "कोळशाचं तुला माहीत नव्हतं, ते मलाही नव्हतं. पण मी कसा आहे, ते तर तुला माहीत होतं ना, दादा?"

थोरला एकटाच परतला.

आता कोणी बोलावलं, की तो आधी मातीत हात घालून बघतो. कोळसा असेल तर सरळ सांगतो, "इथे माझ्या भरवशावर राहू नका, खुरपणीची माणसं बघून ठेवा." धाकटा अधूनमधून येतो, पण आधी फोन करून. मनमोकळं बोलतो, वहिनीची चेष्टा करतो. मात्र तहान लागली की ज्या घरात लहानाचा मोठा झाला तिथेच विचारतो, "वहिनी, पाणी घेऊ का?" ते ऐकलं की थोरला काहीतरी काम काढून अंगणात जातो.