डेल आणि कॅरलचे ऐंशी एकर

मक्याच्या शेतात हरवलं की पहिल्यांदा स्वतःचाच राग येतो. ऑगस्टचं ऊन, डोक्याच्या वर तीन फूट मका, फोनला रेंज नाही आणि दोन्ही दंडांवर पानांचे ओरखडे. शेतमालक डेल शेताच्या दुसऱ्या टोकाला माझी वाट बघत होता. पण मी त्याचा डोळा चुकवूनच आत घुसले होते, त्यामुळे त्याला हाक मारायचीही सोय नव्हती.

माझं काम शेतजमिनीची किंमत ठरवायचं. अप्रेझर म्हणतात. ऑफिस शिकागोजवळच्या शॉमबर्गला, एका काचेच्या इमारतीत, जिच्या आवारात कोथिंबिरीची काडीही उगवत नाही. मी अकोल्याहून अ‍ॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स शिकून आले होते आणि नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून कंटाळले होते. इंटरव्ह्यूत आमच्या बॉसने, ग्लेनने, विचारलं, "तुमच्याकडे काय पिकतं?"

"कापूस."

"इलिनॉयमध्ये कापूस नाही."

"मोजायला येतं, तेवढं पुरेल ना?"

पुरलं. दोन-चार वर्षं त्याच्या हाताखाली काढली, परीक्षा दिल्या, लायसन्स मिळालं. २००७ च्या उन्हाळ्यात हे ऐंशी एकरांचं काम स्वतंत्रपणे माझ्याकडे आलं. ग्लेनचा 'मेधा'चा उच्चार मात्र शेवटपर्यंत 'मेडा'च राहिला.

काम दिसायला सरळ होतं. डेल आणि कॅरल हे बहीण-भाऊ, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. वडील वारले, जमीन दोघांच्या नावावर अर्धी-अर्धी आली. डेल तीच जमीन कसत होता. कॅरल शिकागोत एका दातांच्या दवाखान्याचं ऑफिस सांभाळायची. दोघांनी वकिलासमोर कागद केला होता, की एक अप्रेझर नेमायचा, तो सांगेल तो भाव दोघांनी मुकाट मान्य करायचा आणि त्या भावाने वाटणी मिटवायची. डेल कॅरलचा हिस्सा घेणार, हे सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा.

म्हणजे भाव कमी निघाला तर डेलचं भलं, जास्त निघाला तर कॅरलचं. त्यामुळे दोघंही माझ्याशी फार प्रेमाने वागत होते.

डेलने मला शेत दाखवायला नेलं ते थेट सखल कोपऱ्यात. तिथे मका गुडघ्याएवढाच होता आणि पिवळा पडला होता. "हे असं आहे बघा," तो टोपी काढून म्हणाला, जणू मयताला आलोय. "पाऊस झाला की इथे बदकं पोहतात."

"एकरी उतारा किती पडतो?"

"दीडशे बुशेल. तेही देवाची कृपा असली तर."

बुशेल हे इथलं धान्याचं माप, मक्याचं साधारण पंचवीस किलो भरतं. अडचण एवढीच होती, की तासाभरापूर्वी गावातल्या कॅफेत मी अ‍ॅपल पाय खात असताना वाढणाऱ्या बाईने आपणहून सांगितलं होतं, "डेलचं शेत बघायला आलात? गेल्या साली दोनशे काढले म्हणत होता. आठवडाभर दुसरं काही बोलला नाही."

शेतकऱ्याचे उतारे तीन असतात. कॅफेतला, अप्रेझरला सांगायचा आणि खरा. खरा मोजावा लागतो. म्हणून डेल पिकअपमधून पाण्याची बाटली आणायला गेला तशी मी ओळी ओलांडत मधल्या मक्यात शिरले. मोजायची रीत सोपी आहे. ओळीतलं साडेसतरा फूट अंतर टेपने घ्यायचं, तेवढा एकराचा हजारावा भाग होतो. त्यातली कणसं मोजायची, दोन-तीन कणसं सोलून दाणे मोजायचे, मग गुणाकार-भागाकार. मी तीन ठिकाणी मोजलं. सरासरी एकशे ऐंशीच्या आसपास आली. आनंदाच्या भरात परत फिरायला गेले आणि कुठून आले तेच कळेना.

शेवटी सुचलं, की ओळी ओलांडायच्याच नाहीत. एकच ओळ धरून चालत सुटायचं, कुठेतरी संपतेच. ती संपली बांधापलीकडच्या ओढ्याशी. तिथे काठातून एक काळा प्लास्टिकचा पाइप बाहेर आला होता आणि त्यातून स्वच्छ पाणी पडत होतं. याला इथे टाइल म्हणतात. जमिनीच्या पोटात पाइपांचं जाळं घालून जादा पाणी काढून टाकतात. पाइप बऱ्यापैकी नवा होता. बदकांना आता फक्त त्या एका कोपऱ्याचाच आधार उरला असणार.

रस्त्याने वळसा घालून मी डेलपाशी आले. तो पिकअपच्या मागच्या फळीवर बसला होता. माझ्या केसांतला तुऱ्याचा पराग बघून त्याला सगळं समजलं.

"किती आले?" त्याने विचारलं.

"एकशे ऐंशी."

"हं. चांगल्या भागात गेलात तुम्ही."

"तुम्ही वाईट भागात नेलं होतं म्हणून."

तो पहिल्यांदाच हसला. टाइलबद्दल विचारलं तेव्हा मात्र हसू गेलं. "तो मी आणि डॅडनी घातलाय," एवढंच म्हणाला आणि गाडी सुरू केली.

त्याच आठवड्यात सरकारचा ऑगस्टचा पीक-अंदाज आला. सरकारी लोक दर महिन्याला शेतकऱ्यांना विचारून, काही ठिकाणी माझ्यासारखी कणसं मोजून, देशात यंदा किती पिकेल ते जाहीर करतात. त्या वर्षी इथेनॉलपायी सगळ्यांनी मकाच मका पेरला होता. अंदाज विक्रमी पिकाचा आला. सकाळी साडेसातच्या सुमाराला आकडा फुटला आणि आठ वाजता डेलचा फोन.

"ऐकलंत ना? सगळीकडे मकाच मका. भाव पडणार. मक्याचा भाव पडला की जमिनीचाही पडतो. म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

फोन ठेवते तो कॅरलचा. "मेडा, बातमी बघितलीत? रेकॉर्ड क्रॉप! एवढी पिकणारी जमीन म्हणजे सोनं. तुमच्या रिपोर्टमध्ये येईल ना हे?"

एकच बातमी, दोन मिनिटांचं अंतर. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं, की जमिनीची किंमत एका महिन्याच्या अंदाजावर ठरत नाही. माती कशी आहे, दहा वर्षांचे उतारे काय आहेत आणि आसपासच्या जमिनी अलीकडे कितीला गेल्या, हे बघतात. दोघंही म्हणाले, "अर्थातच, अर्थातच." दोघांनाही ते पटलं नव्हतं.

आसपासच्या विक्रीला आम्ही कॉम्प म्हणतो. मिळतीजुळती जमीन, नुकतीच विकलेली. मला तीन कॉम्प मिळाले. दोन एकमेकांना धरून होते, एकरी साडेचार-पावणेपाच हजार डॉलर. तिसरा डेलच्या शेतापासून अर्ध्या मैलावर, तसलीच माती, वसंतातला लिलाव, आणि भाव एकरी सहा हजारांच्या वर. कॅरलने त्याचं कात्रण मला तीनदा ईमेल केलं होतं. तिसऱ्यांदा सब्जेक्टमध्ये नुसतंच उद्गारचिन्ह होतं.

आता नियम असा, की विक्री नुसती कागदावर बघून चालत नाही. घेणाऱ्या-देणाऱ्याशी बोलून खात्री करायची. घेणारा हार्लन नावाचा म्हातारा होता. आपल्याकडे असता तर पहिल्या मिनिटाला मी त्याला काका म्हटलं असतं. फोनवर तो बोलेना, म्हणून गेले. गोठ्यासारख्या मोठ्या शेडमध्ये ट्रॅक्टरचं काहीतरी खोलून बसला होता.

"एवढा भाव का दिलात?" मी विचारलं.

"लिलावात समोर रॉय होता."

"मग?"

"मग काय! वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी भागीत एक कंबाइन घेतला. कापणी-मळणी दोन्ही करतो तो. त्या साली आधी माझं सोयाबीन काढायचं ठरलं होतं. रॉय सकाळी लवकर येऊन यंत्र घेऊन गेला, त्याचं काढून झालं आणि माझ्या सोयाबीनवर आठवडाभर पाऊस पडला." त्याने हात पुसले. "यंदा वसंतात शाळेच्या जिममध्ये लिलाव होता. रॉयने हात वर केला, मी केला. त्याने केला, मी केला. शेवटी त्याच्या बायकोने त्याचा हात धरून खाली ओढला."

"म्हणजे जमीन तेवढ्याची नव्हती?"

हार्लनने हातातलं फडकं खाली ठेवलं. प्रामाणिक माणूस. "रॉयचं उतरलेलं तोंड बघायला मिळालं, त्याचे किती आणि जमिनीचे किती, हे काही मी वेगळं काढलेलं नाही बाई."

ऑफिसात येऊन मी ग्लेनला सांगितलं, की हा कॉम्प मी वापरत नाही. ग्लेन छातीतल्या जळजळीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायचा. त्याने दोन तोंडात टाकल्या.

"मेडा, विक्री झाली. सरकारदरबारी नोंद आहे. वापर आणि संपव. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय."

"ती जमिनीची विक्री नव्हती, सूड होता."

"आपण मातीची किंमत ठरवतो. कादंबरी लिहीत नाही."

"म्हणूनच. रॉयचं तोंड डेलच्या शेतात उगवत नाही. बाजारात हात वर करायला दुसरा रॉय आला नाही, तर तो भाव कोण देणार?"

त्याने तिसरी गोळी तोंडात टाकली. मग म्हणाला, "रिपोर्टमध्ये कारण लिही. पण सभ्य भाषेत."

मी लिहिलं, "खरेदीदाराची प्रेरणा असाधारण." नोकरीच्या उमेदवारीत शिकलेली सगळी सभ्यता त्या तीन शब्दांत गेली. माझा भाव आला एकरी चार हजार सातशे.

रिपोर्ट गेला आणि कॅरलचा फोन आला. या वेळी 'मेडा' नव्हतं. "डेलने तुम्हाला मका खाऊ घातला का?" एवढं विचारून तिने फोन आपटला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बापाच्या जमिनीत बहिणीला गंडवल्याचा आळ डोक्यावर घेऊन हायवेवरून घरी जाणं काही सुखाचं नसतं. रात्री नवऱ्याला, शिरीषला, म्हटलं, "माझं काही चुकलं तर नाही?" तो म्हणाला, "दोघंही ओरडत असते तर बरोबर होतं. एकच ओरडतोय म्हणजे बघ बाई."

आठवड्याने वकिलाच्या ऑफिसात सह्या होत्या. शंका विचारल्या तर उत्तरं द्यायला मला बोलावलं होतं. डेल इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचं पेन घेऊन आला होता. कॅरल समोर बसली. तिने कागद आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि वकिलाला विचारलं, "यात लिहिलंय, एका वारसाने दुसऱ्याचा हिस्सा या भावाने घ्यावा. कोणी कोणाचा, ते कुठे लिहिलंय?"

वकिलाने कागद उलटसुलट केला. "लिहिलेलं नाही."

"छान. मग मी घेते डेलचा. चार हजार सातशेने. बँकेशी बोलून आलेय."

डेलने पेनाचं टोपण लावलं.

"तू काय करणार शेत घेऊन?"

"कसायला देईन कोणाला तरी. तुलासुद्धा देईन. पण तिथे बदकं पोहतात म्हणून तूच सांगत फिरतोस, तुला कशाला तो त्रास?"

"एकच कोपरा आहे तो!" डेल म्हणाला. "बाकी सगळी एक नंबर जमीन आहे. या काउंटीत अशी माती नाही. दोनशे बुशेल काढलेत मी गेल्या साली! चार हजार सातशे म्हणजे..." आणि तो माझ्याकडे वळला. "तुम्ही हा भाव काढलातच कसा?"

इतकी वर्षं झाली, पण एकाच माणसाने एकाच जमिनीबद्दल पंधरा दिवसांत इतकी प्रगती केलेली मी पुन्हा पाहिली नाही. मी रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला.

मग डेलचा आवाज खाली आला. "कॅरल, तो टाइल मी आणि डॅडनी दोन उन्हाळे खपून घातला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांना वाकता येत नव्हतं. ते खुर्ची टाकून बसायचे आणि मला शिव्या द्यायचे. ती जमीन मला दुसऱ्याची म्हणून नाही कसता येणार."

कॅरलने चष्मा काढला. तिचे डोळे भरले होते, पण तोंडाने ती हसत होती. "अंत्यविधीनंतर तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य आहे," ती म्हणाली. "हेच आधी म्हणाला असतास, तर मी ते कात्रण कशाला पाठवत बसले असते?"

त्यानंतर मी आणि वकील बाहेर कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिलो. अर्ध्या तासाने दोघं बाहेर आले. डेलने कॅरलचा हिस्सा घेतला, माझ्या भावावर एकरी तीनशे डॉलर आपणहून चढवून. जाताना कॅरलने माझा हात हातात घेतला. माफी मागितली नाही, फक्त म्हणाली, "बँकेची मी थाप मारली होती. कुणाला सांगू नका."

ग्लेनला सगळं सांगितलं. त्याला एकच काळजी. "म्हणजे आपला भाव चुकला की बरोबर होता?"

"घेताना दोघांनाही बरोबर वाटला, विकताना दोघांनाही कमी वाटला. बाजार याहून वेगळं काय म्हणतो?"

"फाइलवर काय लिहू?"

"क्लोज्ड."

तेव्हापासून भावंडांचं काम आलं की पहिल्याच भेटीत मी दोघांच्या हातात एकेक कागद देते आणि म्हणते, "तुमच्या मते एकरी भाव लिहा. या भावाने तुम्ही घ्यायची की द्यायची, ते नंतर चिठ्ठी टाकून ठरेल." लोक फार जपून लिहितात, आणि बहुतेक वेळा दोन आकडे इतके जवळ येतात की माझी फी द्यायची गरजच काय, असा प्रश्न त्यांना पडतो. तिघांनी तो मला तोंडावर विचारला आणि काम दिलं नाही. ग्लेनने ती तीन नावं लिहून ठेवली होती. माझ्या दर वर्षीच्या रिव्ह्यूत तो ती मोठ्याने वाचायचा.