सावडीतलं दुखणं

गावात माझं नाव चांगलं आहे. ‘बायकोची सेवा करावी तर यानं’ असं पेठेच्या बाजारातही लोक बोलतात. ते नाव आहे त्याहून थोडं कमी व्हायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

बायकोला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा चाकणला कंपनीत. तो म्हणाला, बाई ठेवू. मी नको म्हणालो. तिचं खाणं, धुणं, कूस बदलणं, सगळं मी एकट्यानं करीन, असं चारचौघांत सांगून टाकलं. सांगितलं म्हणजे करावं लागतं. वर्षभर केलं.

त्या वर्षात मी बिघडत गेलो आणि मला कळलं नाही. सकाळी उठलो की जबडा दुखायचा. गोळी दिली की नाही ते आठवायचं नाही. कुकरच्या शिट्टीनं दचकायचो. दाढी करायची सुटली. तिला दाखवायला मंचरला नेलं, तर डॉक्टरांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. “आजींचं बीपी ठीक आहे, बाबा. तुमचं चढलंय.” वय झालं म्हणून मी उडवून लावलं.

एके दुपारी भरवताना तिनं दुसऱ्यांदा पेज थुंकली आणि डाव्या हातानं मला ढकललं. तो हात मी धरला आणि पिळला. ती ओरडली तेव्हा सोडला. संध्याकाळी दंड काळानिळा झाला. मुलाला फोनवर सांगितलं, खाटेची कड लागली. ती काही बोलू शकत नव्हती. त्यानंतर मी जवळ गेलो की ती तो हात गोधडीखाली ओढून घ्यायची. तेवढं माझ्या काळजात बसलं. पुन्हा ती आपला हात मला देईल का, एवढाच प्रश्न उरला.

दुसऱ्या दिवशी शेजारची चुलत वहिनी कालवण घेऊन आली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, जिभेला धार. तिनं दंड पाहिला, कालवण ठेवलं आणि गेली. सकाळी आळीतल्या दोघींना घेऊन परत आली.

“भावजी, उद्यापासनं रोज दोन तास आमी हिच्यापाशी. तुमी माझ्या शेडात बेणं कापायला.”

“वहिनी, मला कुणाचे उपकार नकोत.”

“उपकार कोण करतंय? सावड हाय. फेडायची.”

आमच्याकडे सावड म्हणजे आज मी तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही माझ्या. पेरणीला, काढणीला ती चालते. मी म्हणालो, “माणसाचं दुखणं सावडीत घालत नाहीत.”

“का वं? तुमच्या बैलाचा पाय मोडला व्हता, तवा आमीच सावडीत नांगरून दिलं. ही बाई बैलाएवढी तरी धराल का न्हाई?”

बाकीच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. खाटेवरून चमत्कारिक आवाज आला. बायको हसत होती. वर्षभरात ते हसू मी ऐकलं नव्हतं.

बटाट्याच्या लागवडीचे दिवस होते. बेण्याचा बटाटा कापताना प्रत्येक फोडीला कोंबाचा डोळा राहील असं बघावं लागतं, घाई चालत नाही. पहिले दोन दिवस माझं लक्ष घराकडे होतं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी थापेवर मी मोठ्यानं हसलो. घरी आलो तर तिची वेणी घातलेली, खाट दारापाशी ओढलेली, चेहऱ्यावर ऊन. दिवसभर माझंच तोंड बघून तीही कंटाळली असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आठवड्याभरात जबडा दुखायचा थांबला.

मग एका सकाळी, विळीवरून नजर न काढता, मी वहिनीला सांगितलं, “तिच्या दंडाला कड लागली नव्हती. मी पिळला होता.”

“म्हाईत हाय. खाटंला बोटं नसत्यात.” तिचा हात थांबला नाही. “मला सांगून काय उपेग? जिला लागलं तिला सांगा. पोरालाबी.”

दोघांना सांगितलं. मुलानं ऐकून फोन ठेवला. पुढच्या रविवारी आला आणि आता दर रविवारी येतो, तिची अंघोळ तो घालतो. बायकोनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी विनवलं नाही. फक्त शेडातून आलो की कोण काय म्हणालं ते तिला सांगायला लागलो. वर्षभर मी तिच्याशी ‘तोंड उघड’ आणि ‘कूस बदल’ एवढंच बोललो होतो.

लागवड संपली, तरी बायका यायच्या थांबल्या नाहीत. मीही निंदणीला, मग काढणीला जात राहिलो. या बायकांनी मला वाचवलं, आणि माझ्यापासून तिला. हे ऋण सांगायला मला लाज वाटत नाही.

काढणीच्या सुमारास एका सकाळी तिला खाटेवरून खुर्चीत बसवायचं होतं. एका बाजूला वहिनी उभी, दुसऱ्या बाजूला मी. तिनं दोघांकडे पाहिलं. मग डावा हात गोधडीतून काढला आणि माझ्यापुढे धरला.

“धरा की, राव,” वहिनी म्हणाली. “का आता त्याचंबी आमंत्रण पायजे?”

मी दोन्ही हातांनी धरला, हळू.